बिनऔषधाची सुई

प्रत्येक गावाला एक निवृत्त सिस्टरबाई असते आणि ती कधीच निवृत्त होत नाही. सरकार शाल-नारळ देऊन मोकळं होतं, तालुक्याचे डॉक्टर ‘त्यांची उणीव भासेल’ असं भाषण ठोकतात, पेन्शनचे कागद टेबलाटेबलांवरून फिरायला लागतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती कोणाच्या तरी अंगणात उभी राहून विचारत असते, ‘‘काय वं, पोराले दीड महिन्याची सुई देल्ली काय?’’

आमचं आसेगाव मंगरूळपीर तालुक्यातलं, पोलीस ठाण्याचं गाव. तसं पाहिलं तर इथे ठाणी दोन. एक सरकारी, तिथे तक्रार द्यावी लागते. दुसरं सिस्टरबाईंची ओसरी. तिथे ती आपोआप नोंदली जाते. कोणाची पाळी चुकली, कोणाची चुकत नाही, कोणाच्या सुनेचं हिमोग्लोबिन सातवर आलं, कोणाची सासू लोहाच्या गोळ्या मागच्या परसात फेकते, सगळ्याची खबर दुपारपर्यंत त्या ओसरीवर पोचते. मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा शाळामास्तर. म्हणजे या दुसऱ्या ठाण्याचा बिनपगारी रायटर.

सिस्टरबाई नोकरीला लागल्या तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता. 1 जुलै 1998 ला वाशिम वेगळा झाला. जिल्हा अर्धा झाला, टार्गेट मात्र पूर्ण राहिलं, अशी त्यांची तक्रार. 1996 साली सरकारनं कुटुंबनियोजनाचं टार्गेट रद्द केलं होतं ना, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘कागदावरून काढलं, गुरुजी. सायबाच्या तोंडातून कोनं काढलं?’’ तांबी, माला-डी, टाक्याचं, बिनटाक्याचं... उभं आयुष्य त्यांनी पंचक्रोशीतले पाळणे लांबवण्यात घालवलं. जीपमध्ये बायका भरून शिबिराला नेल्या, परत आणल्या, घरोघर जाऊन टाके पाहिले. आणि आता, ज्या बायकांना त्यांनी स्वतः तांबी बसवली त्यांच्याच सुना ओसरीवर येऊन विचारतात, ‘‘मावशी, काही उपाय हाय काय?’’

इथून आमच्या सिस्टरबाईंचं दुसरं आयुष्य सुरू होतं.

उपाय सांगणारी माणसं जगात कमी नाहीत. लग्नाला दीड वर्ष झालं की वाण्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे स्त्रीरोगतज्ज्ञ होतात. पण सिस्टरबाईंची जात वेगळी. त्यांचा कशावरच विश्वास नाही आणि त्या काहीच सोडत नाहीत. पोहरादेवीचा नवस सांगणाऱ्या बाईला त्या म्हणतात, ‘‘जा, पन सोनोग्राफी करून जा.’’ झाडपाल्याची पुडी आणणाऱ्याला म्हणतात, ‘‘आधी तू खाऊन दाखव.’’ आणि पुडी परत न देता डब्यात ठेवून देतात. तो डबा म्हणजे लशी नेण्याचा निळा थर्मासचा डबा. तो बाद झाला म्हणून घरी आणला असं त्या सांगतात. बाद कोणी केला हे मी विचारत नाही.

बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेत एका साली ॲक्युप्रेशरचं दुकान आलं. लाकडी रोलर, काटेरी प्लास्टिकच्या पट्ट्या, बोटात फिरवायच्या स्प्रिंगच्या अंगठ्या आणि तळपायाचं रंगीत चित्र: अंगठ्यात मेंदू, मधोमध पोट, टाचेत गर्भाशय. सिस्टरबाईंनी सगळं उचललं. चित्र गजानन महाराजांच्या फोटोशेजारी लागलं. पट्टी मोरीच्या दाराशी ठेवली, म्हणजे येणारा-जाणारा आपोआप दाबला जावा. आठवडाभर त्यांच्या घरात हात धुवायला जाणारा प्रत्येक पाहुणा किंचाळत होता.

त्याच सुमाराला जोडव्यांचा मेसेज गावभर फिरत होता. पायाच्या दुसऱ्या बोटात जोडवी घातली की गर्भाशयाची नस दाबली जाते, पाळी नेमानं येते, आपले पूर्वज किती हुशार, खाली तीन वेळा हात जोडलेले. हा मेसेज आमच्या शाळेच्या ग्रुपवर हेडमास्तरांनी टाकला होता, म्हणून मी गप्प होतो. पुढे शरीरातल्या वाहिन्यांचा चिनी नकाशा पाहायला मिळाला तेव्हा कळलं की दुसऱ्या बोटाच्या नखाशी संपते ती जठराची वाहिनी. यकृताची आणि प्लीहेची सुरू होते अंगठ्यापाशी, मूत्राशयाची संपते करंगळीवर. दुसऱ्या बोटाशी गर्भाशयाचा चीननं काही संबंध ठेवलेला नाही. सिस्टरबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘म्हनूनच सासरी गेल्यावर पोरीची भूक मरते.’’

तर आमच्या गल्लीतल्या एका घरची सून. नाव सांगत नाही. सिस्टरबाईही तिला ‘पोरगी’च म्हणतात. लग्नाला चार वर्षं झालेली. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. आली की दोन दिवस पोट धरून बसायची. सोनोग्राफीत पीसीओडी निघालेलं. गोळ्या चालू, नवस चालू, टोमणे चालू. सिस्टरबाईंची पुण्याची भाची फोनवर म्हणाली, ‘‘आत्या, इकडे आता टेस्ट ट्यूब करणाऱ्या बायका बरोबर ॲक्युपंक्चर पण करतात.’’ फोन ठेवल्यावर सिस्टरबाई भिंतीवरून डोकावल्या.

‘‘गुरुजी, चीनची सुई मालूम हाय काय?’’

‘‘ऐकून आहे.’’

‘‘अकोल्याले एक जन टोचते म्हनतात. पाहून द्या बरं, सरकारमान्य हाय काय ते.’’

पाहिलं. केंद्र सरकारनं 2003 साली ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रानं पुढे जाऊन 2015 चा स्वतंत्र कायदा केला. त्याप्रमाणे परिषद आली, नोंदणी आली. एवढं ऐकून सिस्टरबाईंचं समाधान झालं. ज्या गोष्टीचं रजिस्टर आहे ती त्यांच्या लेखी अस्तित्वात असते.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात मीही गेलो, कारण पिशव्या धरायला कोणीतरी लागतं. भिंतीवर डॉक्टर कोटणीसांचा फोटो होता. असतोच. खरं सांगायचं तर सोलापूरचे कोटणीस शल्यचिकित्सक. 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक, 1942 च्या डिसेंबरात तिकडेच वारले, आणि शांतारामबापूंनी 1946 साली त्यांच्यावर सिनेमा काढला. सुईची विद्या इकडे आणली ती त्याच पथकातल्या बंगालच्या डॉक्टर बसूंनी. ते 1958 मध्ये पुन्हा चीनला गेले, शिकले आणि परत येऊन कलकत्त्यात टोचायला लागले. पण फोटो कोटणीसांचा लागतो, कारण सिनेमा कोटणीसांवर निघाला. मी हे सांगत असताना पथकात नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते असं ओघात बोलून गेलो. सिस्टरबाई ताडकन सरळ बसल्या. ‘‘म्हंजे आपल्या वऱ्हाडातला मानूस गेलता तं!’’ नागपूर वऱ्हाडात येत नाही, हे सांगायची ती जागा नव्हती. तेव्हापासून ती सुई निम्मी आमची झाली.

डॉक्टर तरुण, नम्र, जरा हळू बोलणारा. त्यानं कागदी पाकीट फोडून सुई दाखवली. पाव मिलिमीटर जाडीची, केसापेक्षा जाड, वर तांब्याच्या तारेचा पीळ. सिस्टरबाईंनी ती उजेडात धरली, उलटी केली, फुंकर मारून पाहिली.

‘‘हिले भोक कुठं हाय?’’

‘‘भोक नसतं, सिस्टर.’’

‘‘मंग औषध कुठून जाते?’’

‘‘औषध नसतंच.’’

सिस्टरबाई काही वेळ बोलल्याच नाहीत. काचेची सिरिंज स्टोव्हवर उकळण्याच्या काळापासून एकदाच वापरून मोडायच्या सिरिंजपर्यंत त्यांनी हजारो सुया टोचल्या. दंडात, कमरेत, मांडीत. सुई म्हणजे औषध जाण्याची वाट, या श्रद्धेवर त्यांची पेन्शन उभी आहे. आणि हा पोरगा म्हणतो, नुसती सुईच.

‘‘बिनऔषधाची सुई टोचून पैसे घेता?’’ त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. आपल्याला हे आधी का सुचलं नाही याची हळहळ होती.

डॉक्टरनं जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली आणि निदान सांगितलं: गर्भाशयात थंडी आहे. थंड पाणी बंद, दही बंद, पाय उघडे ठेवायचे नाहीत.

आता, वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. कौलांवर पापड भाजतात. आमच्याकडे बाईला काहीही झालं, मूल होत नसलं, झालेलं टिकत नसलं, केस गळत असले, की निदान एकच: अंगात गरमी. त्यावर सब्जा, गुलकंद, धन्याचं पाणी, माठातलं वाळ्याचं पाणी. त्या पोरीला चार वर्षं गल्लीनं मिळून एवढं थंड पाजलं होतं की चिनी निदान खरं ठरायलाही हरकत नव्हती. सिस्टरबाई मात्र उखडल्या.

‘‘आम्ही जनमभर गरमी काढली अन् तुम्ही म्हनता थंडी? आसेगावात थंडी शिरनच कुठून? वर्षातून तिचा मुक्काम दोन महिने!’’

डॉक्टर म्हणाला, ती वेगळी थंडी. सिस्टरबाई म्हणाल्या, थंडी ती थंडी. या मुद्द्यावर चीन आणि वऱ्हाड यांच्यात जो तिढा पडला तो पुढे सुटला, पण भलत्याच ठिकाणी. ते पुढे येईल.

सुया टोचल्या. आतल्या घोट्याच्या हाडावर चार बोटं मोजून एक; चिनी मतानं तिथे पायातल्या तीन वाहिन्या मिळतात, आणि दिवस गेलेल्या बाईला तिथे टोचायचं नाही असा जुना दंडक आहे. गुडघ्याखाली एक, बेंबीखाली ओळीनं, मनगटाच्या आत दोन. सिस्टरबाई शेजारी उभ्या राहून मोठ्यानं मोजत होत्या. टोचल्यावर डॉक्टरनं पोरीला विचारलं, मुंग्या आल्यासारखं, जड झाल्यासारखं वाटतं का? वाटतं, म्हणाली. ‘‘हेच हवं असतं,’’ डॉक्टर म्हणाला. ‘‘बी-बारा कमी असन,’’ सिस्टरबाई म्हणाल्या.

मग दिवा मंद केला आणि पोरगी पडून राहिली. सुया काढल्यावर सिस्टरबाईंनी ट्रेमधल्या मोजल्या. टोचल्या अकरा, निघाल्या दहा. डॉक्टर म्हणाला, दहाच होत्या. सिस्टरबाई म्हणाल्या, ‘‘लसीकरनाच्या कॅम्पात माही एक सुई कधी इकडची तिकडं झाली नाही. पाह्य.’’ चादर झटकली, पलंगाखाली पाहिलं, डॉक्टरच्या सहाय्यक मुलीचा ॲप्रन झटकला. शेवटी सिस्टरबाईंनीच पोरीचा भांग चाचपला. सुई डोक्याच्या मधोमध, केसांत, ताठ उभी. त्यांचं लक्ष नसतं तर ती पोरगी तशीच एसटीत बसून मंगरूळपीरमार्गे घरी आली असती. डॉक्टरनं कान धरले. त्या दिवसापासून तो त्यांना ‘मॅडम’ म्हणतो आणि टोचण्याआधी आकडा लिहून ठेवतो.

दर बुधवारी फेरी सुरू झाली. आणि परतल्यावर ओसरीवर प्रवचन. सिस्टरबाई एक गोष्ट ऐकून येत आणि गावाला तिच्या तीन करून सांगत. एकदा मोक्साची कथा आणली. चीनमध्ये एक वनस्पती वाळवून, कुटून, तिची बत्ती करतात. जोतिबाला वाहतात त्या आपल्या दवण्याच्या गोतातली. पोटात बाळ आडवंतिडवं, पायाकडून असलं, तर आईच्या पायाच्या करंगळीच्या नखाजवळ ती बत्ती धरून शेक देतात आणि बाळ फिरतं. ऐकणाऱ्या बायका हसल्या. मी म्हणालो, हसू नका, याची खरोखर चाचणी झालेली आहे. 1998 साली एका मोठ्या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. शेक दिलेल्या 130 पहिलटकरणींपैकी 98 जणींची बाळं फिरली, न दिलेल्या 130 पैकी 62 जणींची.

‘‘म्हंजे बासष्ट तं आपोआपच फिरले,’’ सिस्टरबाई म्हणाल्या. तीस वर्षं मासिक अहवाल भरल्याचा हा गुण.

पुढे इटलीत तोच प्रयोग केला तर निम्म्या वाटेत अडकला. बत्तीचा धूर, वास, बायका मधेच सोडायला लागल्या. त्यावर आमच्या गल्लीतली सगळ्यांत म्हातारी आजी म्हणाली, ‘‘बाजेखाली शेगडी अन् वरतून ओव्याची धुरी, सव्वा महिना. आम्ही नाही सोडलं कुठं. सोडू कोन देते?’’ आणि मग वादाला खरं तोंड फुटलं: बाळ फिरवावंच कशाला? पायाळू जन्मलं तर फायद्याचं. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावतात, विहिरीचं पाणी पायाळूला सापडतं. गावात एकच पायाळू माणूस शिल्लक होता, तोही मागे पुण्याला पोराकडे राहायला गेला, तेव्हापासून गावात बोअर कोरडे जातात, असा एक पक्ष निघाला. सिस्टरबाईंनी मात्र आवाज चढवला. पायाकडून बाळंतपण म्हणजे काय ते त्यांनी कंदिलाच्या उजेडात पाहिलेलं आहे. ‘‘पानी सापडन, पन माय हातची जाईन. असं पोट दिसलं का सीधं दवाखान्यात. बत्ती नाही अन् पायाळू नाही.’’ त्या दिवशी कोणी हसलं नाही.

माझा पुतण्या अकोल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकतो. दिवाळीला आला तेव्हा सिस्टरबाईंनी त्याला ओसरीवर बसवून चिवड्याची ताटली पुढे केली आणि सुईबद्दल विचारलं. या मुलाचं एकच चुकतं, विचारलं तर खरं सांगतो.

त्यानं मोबाईल काढला. म्हणाला, 2002 मध्ये जर्मनीत एक छोटी चाचणी झाली, 160 बायका. टेस्ट ट्यूबच्या वेळी सुया टोचलेल्यांत गर्भ राहण्याचं प्रमाण बरंच जास्त दिसलं, तिथून ही लाट जगभर गेली. मग मोठ्या चाचण्या झाल्या. 2017 मध्ये खुद्द चीनमध्ये, पीसीओडीच्या 1000 बायकांवर. गोळीचा फायदा झाला, सुईचा नाही. 2018 मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये, टेस्ट ट्यूबच्या 848 बायका. खरी सुई टोचलेल्यांत मूल झालं 18.3 टक्क्यांना, खोटी सुई टोचलेल्यांत 17.8 टक्क्यांना.

‘‘आठशे अठ्ठेचाळीस जनीत आपल्या आसेगावची होती काय एखादी?’’ सिस्टरबाईंचा पहिला बचाव.

‘‘नाही, मावशी.’’

‘‘मंग!’’ पण लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. ‘‘थांब. खोटी सुई म्हंजे काय रे?’’

पुतण्यानं समजावलं. टोचल्यासारखी वाटते, पण आत जात नाही. टेकली की मुठीत सरकते. बाईला कळत नाही.

‘‘अवं माय!’’ सिस्टरबाईंनी तोंडावर पदर धरला. बिनऔषधाची सुई पचवायला त्यांना महिना लागला होता. आता बिनटोचण्याचीही निघाली. ‘‘अन् त्या खोट्यावाल्या बायायनं मंग काय केलं?’’

‘‘काही नाही. पडून राहिल्या.’’

‘‘नुसत्या?’’

‘‘नुसत्या. सुया लागल्या म्हणून.’’

चिवड्याची ताटली तशीच राहिली. सिस्टरबाई उठून आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा बसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘गुरुजी, ही पोरगी बुधवारी येतानी एसटीत गाने म्हनते. मी म्हनली सुई लागू पडली.’’

तिची पाळीतली पोटदुखी कमी झाली होती, हे खरं. झोप लागायला लागली होती, हेही खरं. सुईनं झाली की कशानं, ते ठरवायला पुतण्याच्या भाषेत खोटी सुई हवी. पण सिस्टरबाईंना प्रमाणापेक्षा हिशेब लवकर कळतो. पोरगी पहाटे पाचला उठते. सडा, पाणी, भाकरी, डबे, मग सोयाबीनच्या वावरात निंदण, संध्याकाळी पुन्हा चूल. आमच्याकडे सून दिवसाउजेडी आडवी झाली की सासू दारातून विचारते, ‘‘ताप हाय काय?’’ ताप नसेल तर ती उठते. बुधवारचा तो पाऊण तास, मंद दिव्यात, अंगात सुया म्हणून कोणी हाक मारू शकत नाही, चहा मागू शकत नाही, हलायची तर डॉक्टरचीच बंदी. असा पाऊण तास तिला लग्नानंतर पहिल्यांदा मिळाला होता. त्यानं मूल होतं असं कोणत्याच चाचणीत सिद्ध झालेलं नाही. सिस्टरबाईंना सिद्ध करायचंही नव्हतं.

पुढच्या बुधवारी त्यांनी सासूला नवा नियम सांगितला. सुई लागली की संध्याकाळपर्यंत बाईनं पाण्याला हात लावायचा नाही, वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. ‘‘नाहीतं वाहिनी उलटी वाहते. चीनचा कायदा हाय.’’ असा नियम कोणत्याही चिनी ग्रंथात असेल असं मला वाटत नाही. पण सासूनं त्या दिवशी स्वतः भाकरी टाकल्या आणि वाहिनी सुलटी राहिली.

राहिला नवरा. इतक्या महिन्यांत पोरीच्या नखापासून टाळूपर्यंत सुया टोचून झाल्या, रक्त काढलं, नळ्या तपासल्या, आणि नवऱ्याला कोणी ‘तुझी तब्येत कशी?’ एवढंही विचारलं नव्हतं. ज्यांना मूल होत नाही अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं. सिस्टरबाईंना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पुरुष दवाखान्याची पायरी किती आनंदानं चढतो, हे त्यांनी शिबिरांत पाहिलंय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 37.9 टक्के विवाहित बायकांचं कुटुंबनियोजन स्वतःच्या ऑपरेशनवर चाललेलं दिसतं. नवऱ्याच्या नसबंदीवर 0.3 टक्के. बाईपेक्षा पुरुषाचं ऑपरेशन सोपं, पण त्यासाठी पुरुष जीपमध्ये बसावा लागतो.

तर सिस्टरबाईंनी त्याला सांगितलं, ‘‘डॉक्टर म्हनते, जोडीची नाडी पाहा लागते.’’ नाडीला काय, म्हणून तो आला. खिशात खर्रा, तोंडात खर्रा. बैलाच्या खुरातून बाभळीचा काटा दातानं उपटणारा गडी. डॉक्टरनं नाडी पाहिली, सिस्टरबाईंनी डोळ्यानं खूण केली आणि अंगठा व तर्जनीच्या बेचक्यात एक सुई टोचली. पाव मिलिमीटरची. गड्यानं सुईकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि खुर्चीवरून सरळ खाली. पोरगी शेजारच्या पलंगावर सुयांसकट इतकी हसली की तिच्या बेंबीखालची ओळ हलायला लागली.

तो शुद्धीवर आला तेव्हा लाजेनं अर्धमेला झाला होता, आणि त्या क्षणी माणूस कशालाही हो म्हणतो. सिस्टरबाईंनी त्याच्या हातात लॅबची डबी दिली. ‘‘सुई नाही यात,’’ त्या म्हणाल्या, ‘‘जा.’’

रिपोर्ट आला. जंतू कमी, हालचाल मंद. सरकारी मेडिकलच्या डॉक्टरांनी त्याला बसवून सांगितलं: खर्रा बंद, घट्ट जीन्स बंद. दिवसभर ट्रॅक्टरच्या तापल्या सीटवर बसतो ते कमी कर, कारण त्या अवयवाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो, म्हणून तर निसर्गानं तो बाहेर टांगलाय. नवे जंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेव्हा तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.

सिस्टरबाई गावात शिरल्या त्या विजयी मुद्रेनं. एसटीतून उतरल्या उतरल्या मला म्हणाल्या, ‘‘गुरुजी! मी म्हनत होती ना गरमीच हाय म्हनून! चीननं नाही मानलं. आमचं निदान बराबर होतं, फकत मानूस चुकला!’’

तेव्हापासून सब्जा, गुलकंद आणि वाळ्याचं पाणी त्याच्या वाट्याला आलं. ट्रॅक्टरच्या सीटवर ओलं पोतं आलं. पानठेल्यावर सिस्टरबाईंनी ताकीद देऊन ठेवली आहे. त्याला खर्रा विकला तर तुमच्या घरच्या सगळ्या पुरुषांची नाडी दाखवायला नेईन. खर्रेवाला त्याला आता बडीशेप देतो, तीही लांबूनच. तीन महिने अजून व्हायचे आहेत, त्यामुळे गल्लीत दुसरी बातमी नाही.

बुधवारची फेरी मात्र वाढली. आधी दोन सुना गेल्या, एकीची पाळी, एकीचं डोकं. मग चार. मूल हवं असलेली त्यांत एकच. बाकीच्यांची मुलं शाळेत माझ्याकडेच आहेत. संध्याकाळी परत आल्या की चीनच्या कायद्याप्रमाणे कोणीच पाण्याला हात लावत नाही. गल्लीत चार चुलींवर चार सासवा. हे किती दिवस चालणार, याची मला धास्तीच होती. परवा त्या सासवांतली एक, गुडघ्यावर हात टेकत, ओसरीची पायरी चढली.

‘‘सिस्टरबाई, पुढच्या बुधवारी माहंबी नाव लिवा.’’

‘‘तुमाले काय झालं?’’

‘‘गुडघे हायेत. कंबर हाय. पन एक इचारतो, त्या खोट्या सुयाबी असतात म्हने?’’

‘‘असतात.’’

‘‘मंग मले खोट्याच टोचा म्हना. झोपू देतात ना तितकंच?’’